परतीची मेंढी

रंगूबाईचा सगळा स्वभाव एका दाव्यात मावत होता. नवं जनावर आलं, की ते दाव्याला बांधून कळपापासून लांब ठेवायचं, वाऱ्याच्या खालच्या अंगाला. त्याला चारा-पाणी सगळ्यांच्या शेवटी, आणि परतताना हात राखेने घासल्याशिवाय कळपात पाय टाकायचा नाही. चंद्र एक फेरा करून येईस्तोवर जनावर वेगळंच राहणार. ही रीत तिला सासूने, दगडाबाईने, घालून दिली होती. दगडाबाईने सुनेलाही त्यातून वगळलं नव्हतं, असं रंगूबाई सांगे. लग्न होऊन आली तेव्हा पहिले काही दिवस म्हणे तिलाही कळपाजवळ फिरकू दिलं नव्हतं. हे खरं की गंमत ते कळायला मार्ग नव्हता, कारण सांगताना ती हसत नसे.

मूळ गाव पारनेरकडचं. दिवाळी उरकली की तिचा आणि नवऱ्याचा, धाकूचा, वाडा निघे. वाडा म्हणजे मेंढ्या, घोड्यांवर लादलेलं बिऱ्हाड, कुत्री आणि माणसं. भिंत म्हणून जी काही असे ती म्हणजे रात्री मेंढ्यांभोवती ताणायची जाळी. तिला वाघूर म्हणत. माळशेज उतरून, मुरबाड मागे टाकून मंडळी कल्याणच्या अंगाला येत आणि शेवटी मानपाड्याला दामाजी पाटलाच्या भातखाचरांत बसत. भात कापून झालेलं असे. मेंढ्यांनी रात्रभर शेतात बसायचं, लेंड्यांनी जमीन पुढच्या पिकाला तयार करायची आणि त्याबद्दल दामाजीने तांदूळ द्यायचे. आपणच दुसऱ्याला फसवतो आहोत असं दोन्ही बाजूंना वाटे, त्यामुळे हा व्यवहार वर्षानुवर्षं उत्तम चालला.

बांधापलीकडे कारखान्यांची वसाहत वाढत होती. एक नाला तिकडून येई आणि रोज वेगळ्या रंगाचा येई. दामाजी आगरी माणूस, त्याला कशाचंच फार वाटत नसे. "काल नाल्यान हिरवा पानी व्हता, आज लाल हाय," तो म्हणे. "रांगोलीचा खर्च वाचला."

आसपास पाचसहा वाडे बसत. त्यात रंगूबाईचं दावं हा चेष्टेचा विषय होता. चार बांध पलीकडे, काटईच्या अंगाला, चांगदेवाचा वाडा असे. तो नव्या माणसाला बजावून सांगे, "वैनीकडं जायचं तर अंघूळ करून जा. न्हाईतर दाव्याला बांधंल आन महिन्यानं सोडंल." रंगूबाईला हे ऐकू जाई. ती एवढंच म्हणे, "त्यालाबी एकदा बांधायला पायजे."

जनावरांच्या सरकारी दवाखान्यातून गोपीनाथ नावाचा पर्यवेक्षक अधूनमधून फेरी मारी. भला माणूस होता. पण मेंढ्यांना येणाऱ्या देवीची लस त्याच्याकडे नसे. लस येई गावोगावच्या गणतीप्रमाणे. गणती व्हायची पावसाळ्यात, गावी; लस पोचायची हिवाळ्यात, तेव्हा मेंढ्या कल्याणात. कल्याणच्या गणतीत त्या धरलेल्या नसतच. म्हणजे ज्या मेंढ्यांना लस मंजूर होती त्या गावात नव्हत्या, आणि ज्या गोपीनाथच्या समोर उभ्या राहून रवंथ करत होत्या त्या सरकारच्या लेखी जन्मालाच आलेल्या नव्हत्या. तो हे सगळं ओशाळून समजावून सांगे आणि शेवटी म्हणे, "तोवर तुमचं ते दावं आहे ना रंगूबाई, तीच लस समजा."

देवी म्हणजे ताप. आधी नाका-डोळ्यांतून पाणी, मग शेपटीखाली, जांघेत, ओठांवर फोड. कोकरं पहिली जातात. फोड सुकले तरी खपल्या लोकरीत राहतात आणि खपल्यांत रोग राहतो, महिनोन् महिने. धनगर त्याला रोग म्हणत नसत. देवी आली म्हणत, देवी गेली म्हणत, जसं काही मधल्या काळात ती पाहुणी म्हणून राहिली होती.

रंगूबाईला एकच लेक, मालू. ती दिली होती मोरूला. त्यांचा वाडा ठाण्याजवळ कोलशेतला, खाडीच्या अंगाला बसे. सत्त्याऐंशी साली तिथे देवी आली आणि होळीपर्यंत कळपातली ओंजळभर जनावरं तेवढी उरली. मग रीतीप्रमाणे उभारणी झाली. एखाद्याचा वाडा असा बुडाला, की बाकीच्या प्रत्येक वाड्याने आपल्यातली एक चांगली तरणी मेंढी द्यायची. त्याचा कळप पुन्हा उभा करायचा. रंगूबाईने दिली, चांगदेवाने दिली, मुरबाडच्या वाटेवरच्या वाड्यांनीही दिली. विमा, बँक, सरकार या सगळ्यांच्या जागी धनगरांपाशी ही एवढीच गोष्ट होती, आणि ती बरी चालत होती.

उभारणीला दुसरं टोकही होतं. कळप सावरला की ज्याने त्याने मेंढी परत करायची. ही परतीची मेंढी त्या घरच्या बायका घेऊन येत. घेणाऱ्या घरच्या बाईने तिच्या कपाळाला हळद लावायची आणि दिवस मावळायच्या आत, सगळ्यांच्या देखत, तिला वाघरीत सोडायची. तिची शेपूट उचलून बघायची नाही. तिला वेगळी बांधायची नाही. बांधली तर अर्थ एकच: तुमच्या घरची देवी अजून गेलेली नाही. आणि ज्या घरची देवी गेलेली नाही, त्या घरची पोर कुणी करत नाही.

पोर होती. मोरूची धाकटी बहीण गोदा. तिला चांगदेवाच्या मुलाला द्यायचं बोलणं चाललं होतं.

पुढच्या वर्षी माघात एका दुपारी मालू आणि तिची सासू मनुबाई दोन मेंढ्या घेऊन मानपाड्याला आल्या, एक रंगूबाईची, एक चांगदेवाची. मान विहिणीचा पहिला, म्हणून कोलशेतहून कळवा, मुंब्रा, शीळ करत, चांगदेवाचा वाडा ओलांडून आधी इकडे. मनुबाईने ठाण्याच्या टेंभी नाक्यावरून खण आणि नारळ घेतला होता, आणि तो टेंभी नाक्यावरचा आहे हे आल्या आल्या सांगितलं.

"इहीणबाई, तुमची मेंढी घ्या," ती म्हणाली. "दिली तवा एक व्हती. आता पोटात दुसरी हाय."

मेंढी देखणी होती. फक्त तिचं नाक ओलं होतं. रंगूबाई ते नाक बघत राहिली आणि बघता बघता तिने हात मागे करून घोडीच्या सामानातलं दावं ओढून घेतलं. हाताला सवय होती. डोक्याला त्याने विचारलं नाही.

"नाक वलं दिसतंय," ती म्हणाली.

"आये, शीळच्या रस्त्यानं आलो," मालू म्हणाली. "सगळा ट्रकांचा धुरळा. वर तुझ्या हितल्या कंपन्यांचा धूर. माझंबी नाक वाहतंय. मला बांधतीस का?"

धाकू हसला. दामाजीची बायको ताक घेऊन आली होती, ती हसली. मनुबाई हसली नाही. तिची नजर दाव्यावर होती.

"दावं कशाला काढलं, इहीणबाई?"

रंगूबाईने लेकीकडे पाहिलं. मालू अजून हसत होती, पण तिच्या हातातला खण तिने घट्ट धरला होता.

"घोडीला," रंगूबाई म्हणाली.

आणि आधीच बांधलेल्या घोडीला तिने आणखी एकदा बांधलं. मग हळद लावली आणि मेंढी वाघरीत सोडली. मनुबाईचा चेहरा सैल झाला. ती जेवली, दुसऱ्या दिवशी सकाळी चांगदेवाकडे त्याची मेंढी पोचती करायला निघून गेली. मालू चार दिवस माहेरपणाला मागे राहिली. ते चाराचे बरेच झाले.

मालू असतानाच परतीची मेंढी आजारी पडली आणि तीच सगळ्यांच्या आधी गेली. रंगूबाईने आता तिची शेपूट उचलली. फोड नवे नव्हते. पिकून, सुकायला लागलेले होते. त्या दुपारी तिथे उभं असताना उचलली असती, तर पहिले दोन-चार तेव्हाच दिसले असते. धाकूने खड्डा काढला. गोपीनाथला निरोप गेला तो त्यानंतर, कोकरांनी माना टाकायला सुरुवात केल्यावर.

गोपीनाथ आला, एकेक जनावर बघत गेला आणि कमरेवर हात ठेवून उठला.

"देवीच आहे. एवढ्यात नवं जनावर आलं होतं का?"

मालू चुलीपाशी बसून विस्तव फुंकत होती. ती फुंकायची थांबली. धाकूने बोलायला तोंड उघडलं, मग त्यात तंबाखू टाकली.

"न्हाई," रंगूबाई म्हणाली.

"तेही खरंच म्हणा," गोपीनाथ म्हणाला. "आलं असतं तर तुम्ही बांधलंच असतं."

आयुष्यभर कमावलेली पत अशी एका खोट्यावर खर्च झाली. दुसऱ्या कुणी सांगितलं असतं तर गोपीनाथने उलटसुलट चार प्रश्न विचारले असते. रंगूबाईला विचारायचं कारण नव्हतं. मग रोग आला कुठून? त्याने आजूबाजूला पाहिलं. नाल्याच्या वरच्या अंगाला एक डबकं होतं, सगळे वाडे तिथे पाणी पाजत. तेवढंच सगळ्यांत सामायिक. त्याने ठरवलं, पाणी. मरतील ती जनावरं चुना टाकून खोल पुरा, कातडं काढू नका, लोकर जाळा, जगलेलं एकही विकू नका, एवढं सांगून तो बाकीच्या वाड्यांना डबकं सोडायला सांगत फिरला. त्यांनी ते मनापासून ऐकलं. हंडे, पत्र्याचे डबे घेऊन लांबच्या विहिरींवर जाऊ लागले. देवीच्या वाड्याजवळ कुणी जायचं नाही, हे तर त्यांना सांगायचीही गरज नव्हती. सगळीकडे शिस्तीत बंदोबस्त झाला, फक्त रोग ज्या दाराने येत होता ते दार सोडून.

"आये, सासूला कळलं तर?" मालूने जाताना विचारलं.

"कळत न्हाई," रंगूबाई म्हणाली.

पुरायला जागा दामाजीने दिली. धाकूने मागायच्या आधी तोच म्हणाला, "पुर रं माझे शेतान. खताचाच करार व्हता ना आपला." मग त्याने स्वतः कुदळ घेतली. खाटकाचा माणूस दोनदा येऊन गेला. उरलेली जनावरं तो स्वस्तात न्यायला तयार होता. रंगूबाईने त्याला बांधावरूनच परतवून लावलं. जनावर ढकलून मोकळं व्हायची वाट सगळ्यांनाच ठाऊक होती, आणि देवी एका तालुक्यातून दुसऱ्या तालुक्यात त्याच वाटेने जाते हेही.

मग एका सकाळी चांगदेव आला. रीतीप्रमाणे तो जवळ आला नाही. दोन खाचरं सोडून बांधावर उभा राहिला आणि तिथून ओरडला.

"वैनी! पाणी बदाललं. डबकं सोडलं. तरी आली की गं! आता काय बदलू?"

रंगूबाई खाचरात उभी होती.

"कोकरं पडाय लागली," चांगदेव म्हणाला. "मनुबाई येत्या बाजारानंतर मुरबाडला निघायचीय, तिकडच्या मेंढ्या परत कराया. तिकडच्या वाड्यांना निरोप धाडतो, म्हणतो पाणी सांभाळा. आनखी काय सांगू, तू सांग. तुला कळतं."

या शेवटच्या दोन शब्दांत कसलीही चेष्टा नव्हती. ती असती तर कदाचित रंगूबाईने आणखी एक दिवस काढला असता.

"पाणी न्हाई," ती म्हणाली.

"काय?"

"पाणी न्हाई म्हनलं!" आता तिला ओरडावं लागलं. काही गोष्टी माणूस कुजबुजून सांगतो, पण देवीच्या वाड्यातून कुजबुजता येत नाही. मधे दोन खाचरं असतात. "परतीची मेंढी! तिचं नाक वलं व्हतं. म्या बघितलं आन आत घेतली. तुमच्याकडची बी तिच्याच कळपातली. मुरबाडला सांगा, मनुबाईची मेंढी आली तर बांधा. लांब बांधा. माझं नाव घिऊन सांगा!"

शेतात काम करणारे दामाजीचे गडी वाकलेले होते ते सरळ झाले. मग चांगदेव बोलला, आणि बोलला ते ओरडून नव्हे, तरी ते तिला नीट ऐकू गेलं.

"गोदाला आमच्यात आनायचं चाललंय, वैनी."

"ठाव हाय."

"मग आधी का न्हाई सांगितलंस?"

"त्यासाठीच न्हाई सांगितलं."

चांगदेव गेला. निरोप मुरबाडला वेळेत पोचला. तिथल्या वाड्यांनी रीत मोडली आणि मनुबाईच्या मेंढ्या तिच्या देखत बांधल्या. त्यातल्या दोन दाव्यालाच आजारी पडल्या, दाव्यालाच मेल्या, आणि देवी तिथेच थांबली; त्या अंगाच्या कळपांत ती शिरली नाही. गोपीनाथने नंतर हे सगळं ऐकलं. पुढे कुठल्याही वाड्यावर गेला, की कोणाचीही पत न बघता सगळे प्रश्न विचारी.

चांगदेवाचा अर्धा कळप गेला. रंगूबाईचा जवळजवळ सगळा. गोदाचं लग्न मोडलं. मनुबाईने आपल्या कळपात तपास केला, तेव्हा मागच्या साथीतून वाचलेल्यांपैकी दोघींच्या अंगावर खपल्या सापडल्या. नव्याने आलेल्या मेंढ्यांना देवी तिथूनच लागली होती. कुणी मुद्दाम काही केलं नव्हतं. पण मुद्दाम केलं नाही म्हणून कुणाला माफ करायची पद्धत तिच्याकडे नव्हती, आणि राग काढायला समोर होती मालू.

वैशाखात वाडे परत घाटाकडे निघाले. मुरबाडच्या पुढे रस्त्यात मायलेकींची गाठ पडली. मालूने घोडी बाजूला घेतली. रंगूबाईला वाटलं, पोर रडेल किंवा भांडेल. मालूने दोन्हींतलं काही केलं नाही.

"नाकाचं म्या हसण्यावारी नेलं, ती चूक माझी," ती म्हणाली. "पन त्या दिवशी तू गप बसलीस आन मागनं वरडलीस. उलटं करायचं व्हतंस, आये. त्या दिवशी वरडली असतीस तर चार दिस तोंड फिरवलं असतं म्या. आता काय करू?"

मालू पुढे गेली.

दिवाळीनंतर धाकू आणि रंगूबाई उरलेली जनावरं घेऊन पुन्हा मानपाड्याला आले, आणि आता उभारणी त्यांची होती. वाडे एकेक मेंढी घेऊन येऊ लागले. रंगूबाईने आधीच खुंट्या ठोकून ठेवल्या होत्या, वाघरीपासून लांब, वाऱ्याच्या खालच्या अंगाला, एकमेकींपासूनही अंतर राखून. आलेली प्रत्येक मेंढी ती देणाऱ्यासमोरच खुंटीला बांधे. दोघांनी आपली मेंढी सोडून परत नेली. एकजण म्हणाला, दान करायला आलो होतो, तपासणीला नव्हे. चांगदेव आला, त्याने आपली मेंढी स्वतःच्या हाताने खुंटीला बांधली आणि मग बोलला. "गाठ बघून घे. तुझ्यासारखी येत न्हाई मला."

कोलशेतची मेंढी शेवटी आली. रीत त्यांनाही चुकत नव्हती. मोरू एकटा आला होता.

"मालू?" धाकूने विचारलं.

मोरू रंगूबाईकडे बघत म्हणाला, "मामी, तिनं सांगितलंय, मेंढी आत घेतली तर संक्रांतीला येते. बांधली तर येत न्हाई. आईचंबी तेच म्हननं हाय. तेवढी एक आत घेतली, की लोक समजतील आमच्याकडचं निवळलं. गोदाचं परत कुठं तरी जमंल." मग घाईने म्हणाला, "यंदा लस टोचलीया. गोपीनाथसायबांनी कुठनं तरी मिळवून दिली. काय न्हाई तिला."

रंगूबाईने मेंढीची शेपूट उचलली. जांघ पाहिली, ओठ पाहिले, नाकाला बोट लावलं. नाक कोरडं होतं. ती तिच्यापाशी उकिडवी बसून राहिली. दामाजी बांधावर बिडी ओढत होता, त्यानेही बिडी खाली धरली.

"दिसत काय न्हाई," रंगूबाई म्हणाली.

"मग?"

"दिसत न्हाई म्हनूनच बांधत्यात."

तिने मेंढी शेवटच्या खुंटीला बांधली. मोरू गाठ पूर्ण होईपर्यंत उभा राहिला. चहा घेतला, तेवढी रीत त्याने पाळली, आणि मग शीळच्या रस्त्याला लागला. मेंढी संध्याकाळभर ओरडत राहिली. एकटं बांधलं की मेंढ्या ओरडतात, त्यात विशेष काही नसतं.

चंद्राचा फेरा पुरा झाला. मेंढीला काही झालं नव्हतं. कोणत्याच मेंढीला काही झालं नव्हतं. रंगूबाईने हळद लावून कोलशेतची मेंढी वाघरीत सोडली, ती बाकीच्यांत मिसळली आणि थोड्या वेळाने कोणती ते सांगता येईना. धाकूने कोलशेतला निरोप धाडला, मेंढी बरी आहे, आत घेतली. संक्रांत आली आणि गेली.

पुढे नव्वदनंतर या भागातले वाडे परतीची मेंढी आल्या दिवशी वाघरीत सोडेनासे झाले. खुंटी ठोकायची, चंद्र फिरून येऊ द्यायचा, मग हळद. कुणाला त्यात अपमान वाटेना. गोदाचंही लग्न झालं, जरा उशिरा, घाटावरच्या एका घरात. त्या घरच्यांनी तिच्यासोबत आलेल्या मेंढ्या महिनाभर बांधून ठेवल्या आणि कुणी त्याची चर्चा केली नाही. मानपाड्याला दामाजीच्या पोरांनी अर्धी खाचरं बिल्डरला दिली, तरी उरलेल्या अर्ध्यांत धाकूचा कळप बसत राहिला. लहान होता, पण निरोगी होता.

मालू परत माहेरी आली नाही. मोरू मात्र दर वर्षी एकदा येऊन जाई. त्या संक्रांतीनंतर तो पहिल्यांदा आला, तेव्हा रंगूबाईने त्याला ताकाचा तांब्या दिला आणि तो पिऊन होईपर्यंत थांबली.

"निरोप पोचला व्हता का? मेंढी आत घेतल्याचा?"

"पोचला व्हता."

"तिला सांगितलास?"

"व्हय."

"मग? काय म्हनली?"

मोरूने तांब्या खाली ठेवला.

"कोकरांपुढं पाला टाकत व्हती," तो म्हणाला. "टाकत ऱ्हायली."